फिटलेल्या गाडीचे हप्ते

मोटार इन्स्पेक्टर पाठीवर झोपून गाडीखाली सरकला, तेव्हा परशुराम कुबल मडगार्डवर हात ठेवून ऐकत उभा राहिला. कणकवलीच्या डाकबंगल्यापुढे पासिंगचा कॅम्प लागला होता. साल बासष्ट, महिना फेब्रुवारी. आतून हातोडीचे दोन ठोके ऐकू आले. पहिला ठण्ण वाजला. दुसरा बद्द वाजला. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला त्या दुसऱ्या ठोक्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

"चासीला तडा आहे," इन्स्पेक्टर बाहेर येत म्हणाला. शर्टाची धूळ झटकत त्याने कागदावर आडवी रेघ ओढली. "पासिंग मिळणार नाही."

"साहेब, वेल्डिंग करून घेतो. आठ दिवस द्या."

"वेल्डिंगच्या भरवशावर मी पाच माणसं फोंड्याच्या घाटात सोडू? रिकामी घरी न्या. पुन्हा भाडं मारताना दिसलात तर परवाना जाईल."

आता डॉजची चासी काय आठवड्याच्या बाजारात मिळते? गाडी अमेरिकेची, सेहेचाळीस सालची. बाहेरून माल येणं केव्हाच बंद झालं होतं. मुंबईच्या भंगारवाल्यांकडे मिळाली तरी तिच्या किमतीत दुसरी गाडी दाराशी येईल. म्हणजे डॉज संपली. परशुराम तिला विशीच्या वर वेग न देता मालवणला घेऊन आला. वाटेत कट्टा गावाजवळ दोघातिघांनी हात केला, पण तो थांबला नाही.

गाडी गेल्याचं दुःख होतंच. पण नुसतं तेवढंच असतं तर माणूस दोन दिवस रडून तिसऱ्या दिवशी कामाला लागला असता. परशुरामाची गोम वेगळी होती. ज्या गाडीवर इन्स्पेक्टरने रेघ ओढली, तिचे एकोणीसशे चाळीस रुपये कोल्हापूरच्या शेटला अजून द्यायचे होते. तेही एक वेळ चालेल, मोटारधंद्यात कुणाचं देणं नसतं? पण हे देणं आहे हे मालवणात एकालाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं की परशुरामाची गाडी दीड वर्षापूर्वीच फिटली. आणि सगळ्यांना हे अभिमानाने सांगितलं होतं त्याच्या बायकोने, सत्यवतीने.

सत्यवती अंगणात सुपारी सोलत बसली होती. त्याचा चेहरा बघून तिने अडकित्ता खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. हाय नाही, धाय नाही. लाकडाचा ओंडका पडला तर त्याच्या फळ्या किती निघतील हे आधी बघणारी बाई ती.

"कित्याक तोंड पाडून बसलात?" ती म्हणाली. "गाडी आपली आसा. कोणाचो पैसो नाय तिच्यार. खारेपाटणच्या बाबली गिरणवाल्याक जुना इंजिन होया, भात कांडूक. तुमीच सांगत होतात मगे. पंधराशे तरी देतलो तो."

परशुराम अंगणातली सुपारीची सालं गोळा करू लागला.

"आणि माझे आंबे आसत," ती पुढे म्हणाली. "अकरा कलमां. गंगारामशेट सात वर्सांच्या कराराक साडेचार हजार बोललो होतो. करून टाकूया. सहा हजार रोख झाले की जुनी लँडमास्टर गाडी येतली. रोखीन! हप्तो नको नि कटकट नको."

हिशेब चोख होता. मालवणातल्या कुठल्याही वकिलाने यात खोट काढली नसती. फक्त यातले पंधराशे हवेतले होते. डॉजचं पुस्तक, म्हणजे मालकीचं आर.सी. बुक, कोल्हापूरच्या शेटच्या तिजोरीत. ज्या गाडीचं पुस्तक आपल्याकडे नाही ती विकायची कशी? आणि हे सांगायचं तर दीड वर्षापूर्वीचं सगळं सांगायला हवं.

ते असं झालं होतं. पंचावन्नच्या दिवाळीत परशुरामाने डॉज घेतली. आधी तो खाजगी सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होता, ती लाईन एस.टी.ने घेतल्यावर दुसऱ्याची चाकरी नको म्हणून हा डाव मांडला. सुरुवातीची रक्कम सत्यवतीच्या पाटल्या मोडून उभी केली, बाकीचे साठ हप्ते. पाटल्या तिने हसत काढून दिल्या. पण गाडीला हार घालून झाल्यावर शेजारणी आत बसून गादी दाबून बघत होत्या, तेव्हा ही ओटीवरून उठली नाही. "आपल्या नावार होयसर मी तिच्यात पाय ठेवचंय नाय," म्हणाली. तिच्या बापाचं गलबत होतं. सावकाराच्या पैशाचं. मिरवत बंदरात आलं आणि तिसऱ्या वर्षी भर बंदरात, लोकांच्या देखत सावकाराची माणसं ते सोडून घेऊन गेली. बाप किनाऱ्यावर उभा राहून बघत होता. तेव्हापासून या पोरीला दुसऱ्याच्या पैशाच्या वस्तूवर बसायचं म्हणजे अंगावर काटा येई. पाच वर्षं ती माहेरी गेली ती एस.टी.ने. नवरा गाडी घेऊन जातोय आणि बायको स्टँडवर उभी! लोक हसत. ती म्हणे, हसू देत.

साठ सालच्या श्रावणात तिच्या आईचं, हौसाबाईचं बोलावणं आलं. तळेऱ्यावरून देवगडच्या रस्त्याला तिचं माहेर. म्हातारीचं काही खरं नाही, असाल तशा निघा. पाऊस धो धो कोसळत होता, एस.टी. बंद पडली होती. दारात डॉज उभी, आणि ही डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन चालत निघालेली! चालत! पंधरा-सोळा कोस! परशुराम तिला ओढत होता, ती हात सोडवत होती. शेवटी तो ओरडला, "फिटली गो ती! रवलेले तीन हप्ते एकदमच भरलंय. तुका चवथीक सांगतलंय म्हणून रवलंय!"

ती थांबली. त्याच्याकडे बघितलं. मग खोळ काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसली. म्हातारीची गाठ पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे हौसाबाई गेली.

त्या घडीला खोटं बोलणं पाप होतं असं कुणी म्हणेल तर म्हणो बापडा. परशुरामाला तेव्हाही तसं वाटलं नाही. पण चांगल्यासाठी बोललेलं खोटं दुसऱ्या दिवशी खरं करून टाकायला हवं, तिथे हा माणूस चुकला. आज सांगू, तेराव्याला सांगू, शिमग्याला सांगू. तोवर बाईने सगळ्या वाडीत सांगून ठेवलं. पावसाळ्यात धंदा बसे, हप्ते चुकत, व्याजावर व्याज चढे. शेटला मनीऑर्डर करायची तर हा मालवणच्या पोस्टात जात नसे, कणकवलीला जाई. पावत्या गाडीच्या मागच्या गादीखाली. आणि घरात बायको शेजारणीला सांगत असे, "आमच्या ह्यांनी मुदतीआधीच भरल्यानी हो."

पासिंग नाकारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी परशुराम एस.टी.ने कोल्हापूरला गेला. बायकोला सांगितलं, लँडमास्टर बघून येतो. बघितलीही. शेटच्या आवारात उभी होती, हिरवी, चौपन्नची, इंजिन सुरू केलं तर बोलण्यात व्यत्यय येऊ नये इतकं हळू चालणारं.

शेट गादीवर लोडाला टेकून बसला होता. माणूस गोड. गोड माणसांचीच भीती धरावी. "परशुरामपंत, यात काळजी कसली? जुनी माझ्या अंगणात आणून सोडा, भंगारचे सातशे धरतो. राहिले बाराशे चाळीस. ते नव्या गाडीच्या किमतीत मिसळू. एक रुपया आता देऊ नका. किल्ली घ्या, निघा."

"आणि हप्ता?"

"दोनशे दहा. पाच वर्षं."

परशुरामाने मनात गणित केलं. मेलेल्या डॉजवर नवं व्याज, पुढची पाच वर्षं. मढ्याला दररोज जेवू घालण्यातला प्रकार. दोनशे दहा तर भर मेमध्येही जड, पावसाळ्यात कुठून आणायचे? तरी तो क्षणभर मोहात पडला. यात सांगावं लागत नव्हतं. घरी जाऊन म्हणायचं, बघ, शेटने हप्त्याने दिली, तुझे आंबे राहू देत.

"फक्त तारण लागेल," शेट म्हणाला. "तुमचे मागचे हप्ते पुढेमागे झालेत. घर किंवा बागायत. मंडळींच्या नावावर काही आहे ना? त्यांची सही आणा."

म्हणजे कुठूनही गेलं तरी वाट सत्यवतीच्या सहीवरूनच जात होती. आड टाळावा तर विहीर, विहीर टाळावी तर पुन्हा आडच.

घरी आला तेव्हा बायकोने सगळी सिद्धता केली होती. बाबलीला निरोप गेला होता, गुरुवारी पैसे घेऊन येतो म्हणाला. गंगारामशेटने स्टँपपेपर आणून ठेवला होता, सही गुरुवारीच. "पण आवशीची वस्तू आसा," आईकडून मिळालेल्या कलमांबद्दल ती म्हणाली. "देवीक इचारल्याशिवाय मी कागदार बोट ठेवचंय नाय. बुधवारी कौल घेऊया."

आणि इथे परशुरामाने दुसरी चूक केली. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याला वाटलं, सुटलो! ग्रामदेवी सातेरी सगळं जाणते. तिला ठाऊक आहे गाडी फिटलेली नाही. ती या व्यवहाराला उजवा कौल देणारच नाही. ती नाही म्हणेल, सत्यवती गप्प बसेल, आंबे राहतील, मग सवडीने काहीतरी बघू. जे स्वतःच्या तोंडाने सांगायचं ते ह्याने देवीच्या गळ्यात घातलं. रात्री ताट पुसून जेवला. आठवडाभरात पहिल्यांदा.

बुधवारी सकाळी देवळात पाचसहा माणसं होती. गुरवाने सातेरीच्या पाषाणावर पाण्याने ओल्या केलेल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवीपुढे गाऱ्हाणं घालायला गावचे जुने मानकरी पुढे आले, सत्तरी उलटलेले, आवाज मात्र खणखणीत. ते परशुरामाला म्हणाले, "काय इचारूचा ता सगळा सांग. अर्धा सांगशीत तर देवी अर्ध्याचाच उत्तर देतली."

सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. शेजारी सत्यवती हात जोडून उभी होती, डोईवर पदर, डोळे पाषाणावर. तो म्हणाला, "जुनी गाडी काढून नवी घेवची आसा. बायलेचे आंबे सात वर्सांच्या करारान देवचे आसत. देव की नको, इतक्याच."

"बा माये सातेरी," मानकऱ्यांनी सुरुवात केली, "हो तुझो परशुराम आपल्या धर्मपत्नीसयत तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"होय महाराजा!" मागच्यांनी साथ दिली.

"जुनी गाडी काढता, नवी घेता. आंब्याचो करार करता. ह्या तेका लाभाचा आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी, आणि तेच्या लेकराबाळांची राखण कर..."

"होय महाराजा!"

परशुराम डाव्या पाकळीकडे बघत होता. पड. पड गो बाये. पाणी तिच्या कडेला थेंब धरून लोंबत होतं. कधीकधी कौलाला अर्धा अर्धा तास लागतो, माणसं बसून घेतात. इथे कुणी खाली बसण्याआधीच उजवी पाकळी सुटली आणि पाषाणाच्या पायाशी येऊन पडली.

"उजवो!" मानकरी हसले. "मागल्याबरोबर दिल्यान बघ!"

सत्यवतीने जमिनीला डोकं टेकलं. देवीने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं. आता ना तिला दोष देता येत होता, ना तिच्या आड लपता येत होतं. लोक अभिनंदन करत होते आणि तो सगळ्यांना हात जोडत होता. घरी येताना बायको सबंध वाट बोलत होती, नव्या गाडीतून आधी मुलींना मामाकडे नेऊ, मग कुणकेश्वराला जाऊ. हा फक्त हूं हूं करत होता.

गुरुवार उजाडला. बाबली गिरणवाला पहिल्या गाडीने हजर. धोतराच्या सोग्यात पंधराशे रुपये. त्याने डॉजचं बॉनेट उघडून इंजिनाला कान लावला, खूश झाला, आणि म्हणाला, "पुस्तक दी. नावार करून घेतंय."

"पुस्तक पेटयेत आसा," सत्यवती घाईत म्हणाली. "आमका आदी गंगारामशेटकडे जावचा आसा, मुहूर्त टळता. तुमी च्या घेवा, आमी सही करून इलंव. मगे पुस्तक देतत ते."

पेटीत पुस्तक नव्हतं. बाबली चहा घेत ओटीवर बसला, आणि नवराबायको बाजारपेठेकडे निघाली. सातआठ मिनिटांची वाट. परशुरामाने तीनदा तोंड उघडलं. एकदा समोरून मासळीवाल्या आल्या, एकदा कुणीतरी राम राम घातला, तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं आणि तरी शब्द फुटला नाही. ती अर्धं पाऊल पुढे चालत होती. आज तिने लग्नातली चोळी घातली होती.

गंगारामशेट आंब्याचे जुने व्यापारी. पेढीत चष्मा पुसत बसले होते. करार लिहून तयार होता. त्यांनी वाचून दाखवला. अकरा हापूस कलमं, बासष्ट ते अडुसष्ट, सात मोसम, रुपये साडेचार हजार रोख. या मुदतीत मालकिणीचा फळावर हक्क नाही. त्यांनी टाक दौतीत बुडवून सत्यवतीच्या हातात दिला. ती चौथी शिकलेली, सही करायची तर जीभ दाताखाली धरून, सावकाश. तिने 'स' काढला.

"थांब," परशुराम म्हणाला.

"आता काय?" शेट वैतागले. "कौल उजवो झालो, आता हो थांब म्हणता!"

"सही करू नको गो. डॉज फिटाक नाय."

सत्यवतीला आधी कळलंच नाही. "कसली?"

"गाडी. कोल्हापूरच्या शेटचे पैसे देवचे आसत. पुस्तक त्याच्याकडेच आसा. बाबलीक देवक माझ्याकडे कायच नाय." एकदा सुरू झाल्यावर तो थांबेना. "त्या पावसात तू चालत निघालंस म्हणून मी खोटा बोललंय. मगे सांगूक धीर झालो नाय. काल देवीकडेसुद्धा नाय झालो. एकोणीसशे चाळीस रवलेत."

पेढीतला हमाल पोतं पाठीवर घेतल्या जागी उभा राहिला. शेटनी त्याला डोळ्यांनीच बाहेर घालवला. सत्यवतीच्या हातातला टाक कागदावर टेकलेला होता, शाईचा डाग पसरत होता. तिने तो उचलून दौतीत ठेवला.

"त्या दिसा किती होते?" तिने विचारलं.

"काय?"

"आवस गेली त्या दिसा. किती हप्ते होते?"

"बावीस."

"बावीस," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चारचौघांत मुस्कटात मारली असती तरी परशुरामाने गाल पुढे केला असता. पण ती शांत होती, आणि आवाज खाली होता. "तुमका म्हायत नाय ता सांगतंय. माहेराक गेलंय की आवशीचो पयलो सवाल, जावयाची गाडी फिटली काय गो? पाच वर्सां तोच सवाल. बापाशीचा गलबत गेला तेव्हापासून तिका त्याचीच भीती. त्या रातीक ती पाणी घेय नाय होती. जीव अडकललो. मी तिच्या कानाकडे तोंड नेलंय आणि सांगलंय, आये, फिटली. मी तिच्यातसूनच इलंय. तेव्हा खंय तिना डोळे मिटल्यान."

परशुरामाने टोपी काढून हातात घेतली.

"तुमी माझ्याकडे खोटा बोललात, ता मी गिळीन. घोवान बायलेक फसवला, त्यात नवा काय नाय. पण मरत्या आवशीच्या कानात ता माझ्या तोंडान घातलात हो!" इतका वेळ धरलेला तिचा आवाज इथे फाटला. तिने पदर तोंडात कोंबला. शेट खाली बघत राहिले.

मग तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि शेटकडे वळली. "शेट, ह्यो कागद फाडा. सात नको. तीन वर्सांचो लिवा."

"तीनाचे किती होतले गो बाये? अठराशे."

"दोन हजार."

"खंयचे दोन हजार? मोहोर बघितलंस काय यंदा?"

"बघितलंय. म्हणान सांगतंय. देवगडाक पण शेट आसत."

एकोणीसशे पन्नासवर सौदा ठरला. परशुराम मधे काही बोलायला गेला, की लँडमास्टर, की आणखी दोन वर्षं, आणि तिने नुसता हात वर केला. पुढच्या कागदावर तिने पुरी सही केली. नोटा शेटनी सवयीने परशुरामापुढे धरल्या. "त्यांच्याकडे नको," ती म्हणाली आणि स्वतः मोजून घेतल्या. परशुरामाचा हात अर्ध्यावरून परत आला.

पेढीतून ती सरळ मालवणच्या पोस्टात गेली. भर बाजारातून, पुढे ती आणि मागे तो. खिडकीशी सात-आठ ओळखीची माणसं. तिने मनीऑर्डरचे फॉर्म मागितले, कोल्हापूरच्या शेटचं नाव मोठ्याने सांगितलं, आणि खाली मजकुराच्या जागी नवऱ्याकडून लिहून घेतलं: डॉज गाडीची राहिलेली संपूर्ण रक्कम. दीड वर्ष जी गोष्ट हा कणकवलीला जाऊन लपवत होता, ती संध्याकाळपर्यंत अख्ख्या मालवणला कळली. तिला हवं तर हे झाकता आलं असतं. तिने झाकलं नाही. बाबलीलाही ओटीवर येऊन तिनेच सांगितलं, पुस्तक यायला पंधरा दिवस लागतील, तोवर थांबायचं तर थांबा. बाबली थांबतो म्हणाला.

त्या पंधरा दिवसांत ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. वाढलं, पाणी तापवून दिलं, मुलींपुढे आवाज चढवला नाही. नव्या गाडीचं काय, हे विचारायची त्याची छाती नव्हती. एका संध्याकाळी तीच म्हणाली, "बाबलीचे पंधराशे पयले भरा, आणि बाकीची हप्त्यान घ्या. धंदो तर करूकच होयो. पण आधीची एकव दमडी तिच्यात मिसळू देव नकात. आणि हप्तो भरलो की पावती माझ्याकडे."

"तू बसतलंस तिच्यात?"

ती कंदील उचलून आत गेली.

सतराव्या दिवशी पोस्टमनने जाड पाकीट आणलं. आत डॉजचं पुस्तक आणि कोल्हापूरच्या शेटची चिठ्ठी. परशुरामाने ती दारात उभं राहून दोनदा वाचली. मग जवळजवळ धावतच मागीलदारी गेला. सत्यवती विहिरीवर होती. त्याने तिला मोठ्याने वाचून दाखवलं: 'सदर गाडीवर आमचे काहीही येणे राहिलेले नाही.' त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दीड वर्षाचं ओझं उतरलेल्या माणसाला आता सगळं सरळ झालंसं वाटत होतं.

"बघ गो," तो म्हणाला, "आवशीक सांगितललंस ता आता खरा झाला."

सत्यवतीने हात पुसून चिठ्ठी घेतली. अक्षरावर बोट ठेवत वाचली. खालची तारीख पुन्हा वाचली. मग घडी घालून त्याच्या हातात परत दिली.

"तुमचा फिटला," ती म्हणाली. "माझा मी आता खंय जावन फेडू?"